आधी रिझल्ट, मग मुलाखत

पत्र (थोडक्यात): मॅडम, मी एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत ३१ वर्षं ग्लास ब्लोअर, म्हणजे काचेची उपकरणं घडवणारा, होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. मुलीला बारावी सायन्सला ६४ टक्के पडले, जेईईत काही जमलं नाही. माझी इच्छा एकच, तिनं आमच्याच प्रयोगशाळेत सायंटिस्ट व्हावं. मी साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून नोकरी काढली, तिनं आत बसावं. एक वर्ष ड्रॉप घेऊन लातूरला क्लास लावायचं ठरवलं आहे. ग्रॅच्युइटीतले तीन लाख त्यासाठी वेगळे ठेवले आहेत. पण तिचं लक्ष ठिकाणावर नाही. दहावीच्या सुट्टीपासून माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या घरी जाते आणि त्यांच्या जुन्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करते. अकरा जण झाले. म्हणते, प्रयोगशाळेचा इतिहास लिहायचाय. माझ्याही मागे लागली होती. मी म्हटलं, आधी रिझल्ट आण, मग माझी मुलाखत घे. तिला चार शब्द समजावून सांगा.

नमस्कार. नाव-गाव छापू नका असं तुम्ही कळवलंत, म्हणून प्रयोगशाळेचं नावही गाळलं आहे. ग्लास ब्लोअर असतात किती? लगेच ओळख पटली असती.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला समजावण्यासारखं त्यात मला काही सापडलं नाही. ६४ टक्क्यांची काळजी मला वाटत नाही, ड्रॉपचीही एक वेळ वाटली नसती. अडकले ते केबिनच्या वाक्यापाशी. ३१ वर्षं बाहेर उभं राहण्याचा सल मी समजू शकते. सायंटिस्ट कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं काहीतरी रेखाटून आणायचा, तुम्ही म्हणायचात, ‘साहेब, हा जोड इथे टिकणार नाही, कोन बदला,’ आणि मग ते उपकरण चालायचं, असं तुम्हीच लिहिलं आहे. शोधनिबंध छापून आला की त्यात तुमचं नाव नसे. हे बोचणारच. पण त्याची भरपाई तुम्ही सतरा-अठरा वर्षांच्या पोरीकडून मागताय. ती उद्या खरंच त्या केबिनमध्ये बसली, तरी बाहेर उभे राहिलेले तुम्ही काही आत येणार नाही. आणि नाही बसली तर? तर तिच्या डोक्यावर दोन अपयशं, एक स्वतःचं आणि एक बाबांचं.

दुसरं वाक्य त्याहून जड आहे. ‘आधी रिझल्ट आण, मग माझी मुलाखत घे.’ तुम्ही ते सहज म्हणाला असाल. आपल्याकडे बापमंडळी अशा अटी सहजच घालतात, सायकल, मोबाइल, सहल, सगळं रिझल्टवर. पण तिनं तुमच्याकडे वस्तू मागितली नव्हती. तुमच्या कामाबद्दल विचारलं होतं. किती घरांत मुलं हे विचारतात हो? वडील नेमकं काय करतात ते फॉर्मवर लिहिण्यापुरतंच मुलांना माहीत असतं. तुमची लेक अकरा घरांत जाऊन बसली आणि बाराव्या घरात, म्हणजे स्वतःच्याच, तिला सांगितलं गेलं की आधी टक्के दाखव.

आता त्या तीन लाखांकडे येते, कारण तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. राष्ट्रीय प्रयोगशाळेतला सायंटिस्ट जेईईतून घडतो असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही ३१ वर्षं त्या इमारतीत होतात, जरा आठवून बघा, तुमच्या रसायनवाल्या साहेबांपैकी किती जण इंजिनिअर होते? काही असतील, केमिकल इंजिनिअरिंगच्या विभागात. बाकी बहुतेक जण साध्या कॉलेजातून बीएस्सी, मग एमएस्सी, मग पीएचडी अशा वाटेनं आलेले. जेईई ही इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा आहे, लातूरचे क्लास मुख्यतः ती आणि नीट यांची तयारी करून घेतात. तिथे वर्ष घालवून तुमची मुलगी केबिनच्या एक पाऊलही जवळ जाणार नाही. पीएचडीचा खर्च बापाला झेपणार नाही ही भीतीही तुमच्या पत्रात कुठेतरी आहे. सीएसआयआर (राष्ट्रीय प्रयोगशाळा चालवणारी परिषद) आणि यूजीसी यांच्या नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर उलट तिलाच दरमहा ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. तेव्हा ग्रॅच्युइटी मोडू नका. परीक्षांची नावं हवीच असतील तर आयसर आणि नायसर या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या संस्था, त्यांतल्या आयसरसाठी आयएटी, नायसरसाठी नेस्ट, पुढे एमएस्सीसाठी जॅम, आणि पीएचडीसाठी नेट किंवा गेट. झालं.

पण मला वाटतं, तुमची मुलगी त्या वाटेची नाहीच. किंवा असली तरी बाजूच्या वाटेची आहे.

मी पुण्याची, त्यामुळे उदाहरण पाषाणच्या एनसीएलचं देते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ ला बाळासाहेब खेरांनी बसवली, म्हणजे स्वातंत्र्याच्या चार महिने आधी. उद्घाटन पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० ला केलं. प्रजासत्ताक व्हायला अजून २३ दिवस होते. जेवायला धान्य पुरेना अशा देशानं रसायनशास्त्राची एवढी मोठी इमारत आधी का उभी केली, हा प्रश्न कुठल्या रसायनाच्या पेपरात येत नाही. पहिले संचालक मॅकबेन, दुसरे जॉर्ज फिंच, दोघेही परदेशी. पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन १९५७ मध्ये आले, रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रातले मोठे नाव. यातले फिंच माझे लाडके. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हा माणूस ऑक्सिजनच्या नळकांड्या पाठीवर घेऊन ८,३०० मीटरच्या आसपास पोचला होता. ऑक्सिजन वापरणं म्हणजे खेळाडूपणाला बट्टा, असं त्याच्या सोबतच्या काही साहेबलोकांचं मत. हा मात्र व्हॉल्व्ह, नळ्या, गळती यांत रमलेला. तुमचं आणि त्याचं चांगलं जमलं असतं.

त्याच एनसीएलमधलं १९९० चं एक काम आहे. बांबूला फुलोरा यायला कित्येक वर्षं जातात, काही जातींना तर दशकं. ऊतिसंवर्धनातून, म्हणजे ऊतींच्या तुकड्यापासून काचेच्या नळीत, वाढवलेल्या कोवळ्या बांबूला तिथे नळीतच फुलोरा आला आणि ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. शोधनिबंधावर तीन नावं आहेत, नाडगौडा, पाराशरामी, मस्कारेन्हस. ते योग्यच. पण त्या नळ्या कुणी धुतल्या, रोपांचं पोषक माध्यम कुणी ढवळलं, पहिलं फूल दिसलं त्या सकाळी खोलीत कोण कोण होतं, हे शोधनिबंधात नसतं आणि नसायचंच. ते कुणीतरी जाऊन विचारावं लागतं, आणि माणसं आहेत तोवर विचारावं लागतं. तुमची मुलगी दोन वर्षं हेच करते आहे. याला मौखिक इतिहास म्हणतात. तुम्ही याला लक्ष ठिकाणावर नसणं म्हणता.

‘यातून पोट भरतं का?’ हा तुमचा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो. हळदीचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल, तुमच्या नोकरीच्याच काळातलं. हळदीनं जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? नवा प्रयोग करून नव्हे. जुने कागद काढून: संस्कृत ग्रंथातले उतारे, १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेख, अशी चाळीसेक वर्षांपूर्वीची आणि शेकडो वर्षांपूर्वीची साक्ष. प्रयोगशाळांची ती लढाई ग्रंथालयात जिंकली गेली. आधीच माहीत असलेली गोष्ट कोण, कुठे, कधी लिहून गेलं ते शोधून काढणं, हा आज रीतसर पेशा आहे. पेटंटसाठी असे जुने दाखले शोधणाऱ्यांना त्याचेच पैसे मिळतात, आणि बऱ्यापैकी मिळतात.

बाकीच्या वाटा इतक्या सोप्या नाहीत, हेही सांगते, नाहीतर उद्या तुम्ही मला बोल लावाल. विज्ञानाच्या संस्थांची अभिलेखागारं आपल्याकडे थोडी आहेत. मुंबईत टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेचं आहे, बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संस्थेचं २०१९ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे आणि तिथे मुलाखतींचं काम मन लावून होतं. जागा मोजक्या असतात, सुरुवातीची कामं बरीचशी कंत्राटी. दिल्लीला सीएसआयआरचीच निस्पर नावाची संस्था आहे, विज्ञान संवाद आणि विज्ञान धोरणावर काम करणारी. तिथे पीएचडीही होते. म्हणजे तुम्हाला ज्या घराण्यात मुलगी द्यायची आहे, त्या घराण्यात असंही एक दार आहे, हे तुम्हाला ३१ वर्षांत कुणी सांगितलं नाही.

तर माझं मत असं. लातूर रद्द करा. घराजवळच्या बऱ्या कॉलेजात तिला बीएस्सी रसायनशास्त्र घेऊ द्या. लगेच इतिहासात बीए कर, असं मी तिला म्हणणार नाही. व्हॅक्यूम लाइन म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, त्याला त्या माणसाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. तुमच्या अकरा सहकाऱ्यांनी तिला तासतास दिले, ते तिला थोडंफार सायन्स कळतं म्हणूनच. पदवीनंतर एमएस्सी, इतिहासात एमए की पेटंटचं काम, हे तिला तेव्हा ठरवू द्या. पदवी कुठलीही असली तरी एमए इतिहासाला बऱ्याच विद्यापीठांत प्रवेश मिळतो, म्हणजे सायन्स घेतलं म्हणून पुढची दारं बंद होत नाहीत. आणि या तीन वर्षांत ती बदलली, तिला खरंच प्रयोगशाळेतच जावंसं वाटलं, तर नेटची वाट तिथेच आहे. तीही बीएस्सीवरूनच जाते.

एक काम मात्र या आठवड्यातच व्हायला हवं, आणि ते तुम्हाला तिच्यापेक्षा चांगलं जमेल. ती रेकॉर्डिंग एका मोबाइलवर आहेत असं दिसतं. मोबाइल पडला, हरवला, पाण्यात गेला की अकरा माणसं गेली. दोन ठिकाणी प्रती काढून ठेवा. प्रत्येकाचं पूर्ण नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं, बोलणं झालं ती तारीख एका वहीत लिहा. ‘हे बोलणं अभ्यासासाठी वापरायला माझी हरकत नाही’ एवढं एक वाक्य आणि सही प्रत्येकाकडून घ्या. त्यांच्यापैकी कुणी फक्त घरात बोलण्यासारखं काही बोललं असेल, तर तेवढा भाग बाजूला ठेवा, ती तुमची माणसं आहेत, तुम्हाला विचारता येईल. त्यांतले बरेच जण पंचाहत्तरीकडे झुकलेले असणार. ही कामं लांबणीवर टाकायची नसतात.

काचेबद्दलही एक विचारते. बर्नरपाशी बसताना सोडियमचा पिवळा उजेड अडवणारा तो डिडिमियमचा चष्मा अजून घरात आहे का? तुमच्या पत्रावरून वाटतं, असणार. जुनी रेखाटनं, कामाच्या वह्या, फुटलेला एखादा कंडेन्सर, काहीही असेल तर रद्दीत घालू नका. आज बऱ्याच ठिकाणी काचेची उपकरणं तयार विकत घेतात, नवे ग्लास ब्लोअर फारसे तयार होत नाहीत. लेथवर नळी फिरवत असताना काच कधी वळेल हे कसं कळतं, ते कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. ते तुमच्या हातात आहे, आणि तिच्याकडे त्याची एका मिनिटाचीही नोंद नाही.

अट रिझल्टची होती ना? रिझल्ट तर लागला. रविवारी सकाळी चहा झाला की तिला फोन सुरू करायला सांगा.