हिवाळ्यात समुद्रकिनारी पक्षी जवळून कसे टिपावेत? जवळ गेलं की उडतात, लांबून फोटो धूसर येतो.

पक्ष्यांच्या मागे जाऊ नका, भरतीला त्यांना तुमच्याकडे आणू द्या. ओहोटीला तुतवार, चिखले हे चिखलात चरणारे छोटे पक्षी दूरवर पांगलेले असतात. तेव्हा 600 मिमीची लेन्सही तोकडी पडते. पाणी चढू लागलं की उघडा चिखल अरुंद होत जातो आणि थवे चरत चरत किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी, जो पट्टा सगळ्यात शेवटी बुडतो त्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसा. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, तेव्हा तक्ता त्या-त्या दिवसाचाच बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही ना, हे आधी तपासा.

बसण्याची दिशा वाऱ्यावरून ठरवा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात आणि उतरतातही तसेच. वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीशी असले, तर चेहरा उजेडात मिळतो. असा दिवस सोडू नये. शक्य तर पालथे पडा, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीत आली की मागची वाळू आपोआप विरघळते.

धूसरपणा बहुधा फोकसचा नसतो. तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि त्यावर महागडी लेन्सही उपाय नाही. सकाळी लवकर काढा, अंतर कमी ठेवा. दुसरं कारण उबदार गाडीतून नुकताच काढलेला कॅमेरा. हूडमध्ये (लेन्सच्या तोंडावरच्या आडोशात) गरम हवा अडकते, म्हणून अर्धा तास आधी तो बाहेर काढून ठेवा.

शटरचा वेग उडत्या पक्ष्याला 1/2000 सेकंद किंवा त्याहून जलद, धावत्याला 1/1000, आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो. गडद पाण्यावरच्या पांढऱ्या कुरवाला (सीगल) एक्स्पोजर -2/3, म्हणजे थोडं कमी ठेवा, नाहीतर पिसांतला तपशील जातो.

मान वर झाली, चरणं थांबलं, की तुम्हीही थांबा. थवा उडाला की परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी खर्च होते. भरतीला एकत्र विसावलेल्या थव्याकडे तर जाऊच नये, भलेही फोटो हुकला तरी.

घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने मीठ पुसा. कोरडं पुसलं तर काचेवर चरे पडतात. ट्रायपॉडचे पाय उघडून धुवा.