वडिलांचा मसाला, मुलाची ब्रांच आणि गल्ल्यातला हिशोब

खाण्याच्या धंद्यातल्या घरांनी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण तीच अडचण निम्म्याहून जास्त पत्रांत होती.

सातारला आमचं मिसळ आणि राईसप्लेटचं हॉटेल आहे. वडील ७८ वर्षांचे, तरी पहाटे मसाला अजून तेच भाजतात. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून आलाय, त्याला कोथरूडला ब्रांच काढायचीय. वडील म्हणतात चव जाईल, मुलगा म्हणतो आजोबा प्रमाण सांगतच नाहीत. मी दोघांच्या मधे. काय करू? (एक वाचक, सातारा)

दादा, दोघंही बरोबर आहेत. चव आज वडिलांच्या हातात आहे आणि हात काही कोथरूडला पाठवता येत नाही, त्यामुळे ब्रांचचं बोलणं थोडं बाजूला ठेवा आणि आधी ती चव हातातून काढून कागदावर आणा, आणि हे काम वडील धडधाकट आहेत तोवरच होईल.

वडिलांना प्रमाण विचारू नका, त्यांना खरंच सांगता येणार नाही, कारण त्यांनी ते कधी मोजलेलंच नाही. डिजिटल वजनकाटा घ्या आणि नातवाला पहाटे त्यांच्या शेजारी उभं करा. वडील मूठ भरतील ती कढईत पडायच्या आधी काट्यावरच्या ताटलीत पडू दे, वजन लिहा, मग कढईत. धणे, सुकं खोबरं, तीळ, मिरची, प्रत्येकाचं असंच. एका दिवसाचं प्रमाण खरं धरू नका, महिनाभर लिहा, मग दिसेल की कुठली मूठ रोज सारखी असते आणि कुठली बदलते. बदलते ती का बदलते, तेच खरं गुपित असतं. पावसाळ्यात कांद्याला पाणी जास्त, तो लाल व्हायला वेळ लागतो, म्हणून वहीत मिनिटं लिहून भागत नाही, कांद्याचा रंग लिहायचा, तेल सुटलं का ते लिहायचं, जमलं तर मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. मिरचीचंही तसंच, नवा माल आला की तिखटपणा बदलतो, वडील वासावरनं ओळखून हात आखडता घेतात आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत नसतं.

मग परीक्षा घ्या. वहीवरनं दुसऱ्या कुणीतरी कट करायचा, नातवाने किंवा तुमच्या जुन्या वस्तादाने, आणि दोन वाट्या वडिलांपुढे ठेवायच्या, कुठली कुणाची ते न सांगता. ज्या आठवड्यात त्यांना सलग ओळखता येणार नाही त्या आठवड्यात कोथरूडचा विषय काढा. त्याआधी डिपॉझिट भरू नका.

वडील सांगत नाहीत यामागे हट्ट कमी आणि भीती जास्त असते असं मला वाटतं. एकदा सगळं सांगून टाकलं की आपल्याला पहाटे कोण उठवणार? म्हणून त्यांचं काम काढून घेऊ नका, वाढवा. दोन्हीकडचा मसाला सातारलाच भाजायचा आणि वडिलांनी चाखून हो म्हटल्याशिवाय डबा गाडीत चढणार नाही, हे घरात सगळ्यांसमोर ठरवा. कोरडा मसाला आठवड्यातून दोनदा पुण्याला पाठवणं काही अवघड नाही, ओलं वाटण आणि कट मात्र तिथे रोज ताजाच.

आणि राईसप्लेट नेऊ नका! ताटात पोळ्या, दोन भाज्या, आमटी, भात आला, म्हणजे तेवढे कुशल हात रोज हजर हवेत आणि एक पोळीवाली मावशी आली नाही की अख्खी दुपार बोंबलते. मिसळ, ताक, एखादा गोड पदार्थ, बस. एका पदार्थाच्या नावातली ताकद दादरच्या आस्वाद हॉटेलने दाखवलीच आहे, २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारात त्यांची मिसळ जगातली सगळ्यात चविष्ट शाकाहारी डिश ठरली होती. भाड्याचं माझं मत असं की महिन्याचं भाडं महिन्याच्या विक्रीच्या १५ टक्क्यांवर जात असेल तर ती जागा सोडून द्यायची, मग ती कितीही मोक्याची असो.

मुलाला बेंगळुरूच्या एमटीआरची गोष्ट वाचायला सांगा. १९२४ साली मैया बंधूंनी सुरू केलेलं हॉटेल. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा त्यांनी रव्याची इडली केली असं ते घर सांगतं. आणीबाणीत सरकारने पदार्थांचे भाव इतके खाली बांधून दिले की चालवणं परवडेना, हॉटेल बंद ठेवावं लागलं, तेव्हा माणसं घरी बसवण्याऐवजी त्यांनी इडली-डोशाची तयार पिठं पॅक करून विकायला घेतली. पिठं पाकिटात भरायची तर प्रमाण ग्रॅममधे पक्कं लागतं, अंदाजपंचे चालत नाही. पुढे तो पाकिटांचा धंदा एवढा मोठा झाला की २००७ मधे नॉर्वेच्या ऑर्कला कंपनीने तो विकत घेतला, हॉटेलं मात्र घरातच राहिली आणि तिसऱ्या पिढीने ती थेट सिंगापूरपर्यंत नेली. उलट बाजूने बघायचं तर माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण, माटुंगा स्टेशनजवळ, लोक अजून रांग लावतात. ब्रांच काढली नाही म्हणजे धंदा वाढला नाही असं नसतं, हेही मुलाच्या कानावर घाला.

सासरे गेल्यापासून नवरा आणि दीर मिळून हॉटेल बघतात. मी सकाळी भटारखान्यात आणि दुपारी गल्ल्यावर असते. पगार नाही, कागदावर नाव नाही. आता दिराचं लग्न ठरलंय. बोलले तर घर फोडते म्हणतील. (एक वाचक, डोंबिवली)

ताई, लग्नाच्या आधी बोला. नंतर बोललात तर नव्या सुनेशी जोडलं जाईल आणि विनाकारण त्या मुलीवर येईल.

सुरुवात हिश्शापासून करू नका, पगारापासून करा. जो काम करतो त्याला पगार, नवरा, दीर, तुम्ही आणि उद्या जाऊबाई काम करणार असतील तर त्यासुद्धा. पगार वजा करून जे उरेल तो नफा, त्याची वाटणी मग करायची. बऱ्याच घरी भाजी, मुलांची फी, गाडीचा हप्ता सगळं गल्ल्यातून जातं आणि वर्षाअखेर हॉटेलने कमावलं की घराने खाल्लं हेच कळत नाही, संशयाला सुरुवात इथूनच होते. हिशोबासाठी म्हणून बोललात तर घर फोडलं असं कुणी म्हणू शकत नाही.

मग कागद. सासऱ्यांच्या वेळचं भागीदारीपत्र असेल तर काढून बघा. भागीदार वारला की कायद्याने फर्म तिथेच संपते, पत्रात वेगळं लिहिलेलं असलं तरच पुढे चालते, आणि भागीदार दोघंच असतील तर तसं लिहूनही उपयोग नसतो. त्यामुळे नव्या पत्रात तुमचं नाव तिसरी भागीदार म्हणून घालणं सगळ्यांच्याच फायद्याचं आहे, नवऱ्याला आणि दिराला हाच मुद्दा सांगा. जागा कुणाच्या नावावर, भाडेपावती कुणाच्या नावाने फाटते, हॉटेलचं नाव ट्रेडमार्क केलंय का आणि कुणाच्या नावे, हे सगळं सीएला आणि वकिलाला एकत्र बसवून लिहून घ्या. नावाचं हलक्यात घेऊ नका. बिकानेरच्या भुजियापासून सुरू झालेलं हल्दीराम घराण्यात विभागलं गेलं, कोलकाता आणि दिल्लीच्या शाखांची नावावरून कित्येक वर्षं कोर्टबाजी चालली. नागपूर आणि दिल्लीवाल्यांनी २०२५ मधे पाकिटांचा धंदा एका कंपनीत आणला, पण तिथवर यायला केवढा काळ गेला!

घरात कुणी म्हणालंच की सुनेचं धंद्यात काय काम, तर बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचं नाव घ्या. १९२३ चं इराणी हॉटेल, आणि आज लोक ज्यासाठी वाट वाकडी करून येतात तो बेरी पुलाव तेव्हाचे मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणहून आणलेला. घरात आलेल्या बाईने आणलेला पदार्थ हॉटेलची ओळख झाला. तुमच्या हॉटेलात असा तुमचा पदार्थ कुठला, ते मला नक्की कळवा, मनापासून विचारतोय.

आमचं ४० वर्षांचं उपाहारगृह. एकच मुलगी, ती आयटीत आहे आणि तिला यात यायचं नाही. बंद करू का? (एक वाचक, नाशिक)

काका, मुलीला गळ घालू नका. नको म्हणणाऱ्या माणसाला गल्ल्यावर बसवलं की ते गिऱ्हाईकाला लगेच कळतं.

पण बंदही करू नका एवढ्यात. तुमच्याकडे वर्षानुवर्षं असलेला एखादा आचारी किंवा मॅनेजर असेल, त्याला चालवायला देता येतं, महिन्याची ठरलेली रक्कम अधिक विक्रीतला थोडा वाटा. करार तीन वर्षांचा करा, नाव तुमचंच ठेवा, लायसन्स कुणाच्या नावावर राहणार ते आधी ठरवा, आणि रोज सकाळी तासभर जाऊन सांबार चाखण्याचा हक्क करारात लिहून घ्या. मुलीला फक्त महिन्याचा हिशोब तपासायला सांगा, ते ती लॅपटॉपवर घरबसल्या करेल. तीन वर्षांनी विकायचं ठरलंच तर चालत्या हॉटेलला आणि तिच्या नीट ठेवलेल्या हिशोबाला किंमत येते, कुलूप लावलेल्या हॉटेलात घेणाऱ्याला फक्त जागा दिसते.