जुन्या गाडीवरचे गंजाचे छोटे डाग घरी काढता येतात का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००७ ची मारुती ८०० आहे, अलिबागला उघड्यावर उभी असते. मागच्या चाकाच्या कमानीवर वाटाण्याएवढे दोन-तीन डाग आहेत, दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलाय, आणि पेंटर म्हणतो, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारून देतो. कमानीचं काम घरी नक्की होईल. दार आधी तपासा. आणि उघड्या पत्र्यावर लांबी कुणालाही भरू देऊ नका. ती पाणी शोषते, त्यामुळे वरून गुळगुळीत दिसलं तरी खाली गंज चालूच राहतो.

स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तो फुगा जोरात दाबा. पत्रा टणक लागला तर गंज बाहेरून आलाय, म्हणजे खडा लागून रंग उडाला आणि तिथून पाणी शिरलं. टोक आत रुतलं तर तो आतून आलाय. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात. ती माती-पाल्याने बुजली की काचेच्या रबराजवळून उतरलेलं पाणी आतच साठतं. अशा जागी बाहेरून काहीही लावा, पुढच्या पावसाळ्यात फुगा परत येणार. तिथे पत्रा कापून तुकडा वेल्ड करणं हाच उपाय. जॅक लावायच्या जागी पत्रा मऊ लागला तरी घरी हात घालू नका.

आता कमानीचे डाग. हवा कोरडी असेल असा दिवस निवडा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने (घासायच्या खरखरीत कागदाने) सुरुवात करा, मग १२०. वाटाण्याएवढा डाग उघडल्यावर रुपयाएवढा निघतो, कारण गंज रंगाखालून पसरलेला असतो. चकचकीत पत्रा आणि त्याभोवती घट्ट धरलेला रंग दिसेपर्यंत थांबायचं नाही. बहुतेक जण इथेच कमी पडतात.

तरीही काळे ठिपके उरतील. ते पत्र्यात पडलेले खड्डे, तिथे पेपर पोचत नाही. फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट रिमूव्हर कानातल्या काडीने फक्त त्या ठिपक्यांवर लावा, बाटलीवर दिलेल्या वेळेपुरतंच. मग ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून हेअर ड्रायरने वाळवा. अ‍ॅसिड मागे राहिलं तर वरचा एपॉक्सी प्रायमर (रंगाआधी पत्र्यावर द्यायचा, हार्डनर मिसळून घट्ट होणारा थर) नीट धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. ठिपके नसतील तर अ‍ॅसिडची गरजच नाही.

त्यानंतर २४० आणि ३२० ने रंगाची कड उतरती करा. डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. मग थिनरने पुसा आणि पुन्हा उघड्या हाताने शिवू नका. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा रातोरात पिवळट पडतो, म्हणून प्रायमर त्याच दिवशी लागलाच पाहिजे. एपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात द्या, हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या. खड्डा अजून दिसत असेल तर लांबी आता भरा, प्रायमर वाळवून हलका घासल्यावर. तिच्यावर पुन्हा प्रायमर.

रंगाचा कोड पाहून १०० मिली मिसळून घ्या, एवढ्या डागांना पुरून उरेल. १५ वर्षांहून जास्त ऊन खाल्लेला रंग ताज्या रंगाशी तंतोतंत जुळत नाही. टाकीच्या झाकणाजवळ आधी एक ठिपका लावून बघा. तीन पातळ हात, मधे १०-१५ मिनिटं. मेटॅलिक रंग असेल तर वर क्लिअरचे (पारदर्शक लॅकरचे) दोन हात. हार्डनरवाल्या रंगाचा वाफारा फुप्फुसांना वाईट असतो. तो स्प्रे करायचा तर धुळीचा साधा मास्क चालत नाही, आणि हार्डनरवाल्या रंगासाठीचा खास मास्क नसेल तर ब्रशनेच लावा. आठवडाभराने २००० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासा आणि रबिंग कंपाऊंड (चकाकी आणणारी पेस्ट) मारा.

दाराची भोकं तारेने आजच मोकळी करा. पावसाळ्यात ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, ओल आत कोंडते.