नांदेडचे शीख बाहेरून आले की इथलेच?

प्रश्न : नमस्कार ताई, मी परभणीची, शिकायला नांदेडला आलेय. वर्गातली एक शीख मैत्रीण अगदी आपल्यासारखंच मराठवाडी बोलते आणि म्हणते की आमच्या कितीतरी पिढ्या इथल्याच. मला वाटायचं शीख म्हणजे पंजाब. मग इथं एवढी संगत, म्हणजे शीख मंडळी, आणि एवढा मोठा गुरुद्वारा कसा काय उभा राहिला? आणि आपण लंगरला, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या मोफत जेवणाला, गेलं तर चालतं का?

उत्तर : मैत्रीण बरोबर बोलतेय गं. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजी बादशहा बहादूरशहाच्या छावणीसोबत दक्षिणेत आले आणि गोदावरीकाठी नांदेडला मुक्काम केला, इथंच त्यांना माधोदास बैरागी भेटला, तोच पुढे शिखांचा सेनापती बंदासिंग बहादूर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुरुजी इथं ज्योतीज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला, आणि जायच्या आधी सांगून गेले की यापुढे गुरू म्हणजे गुरू ग्रंथ साहिब. म्हणून तर हे ठिकाण शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक!

सोबत आलेले काही शीख मागे राहिले, त्यांनी सेवा आणि लंगर चालू ठेवला, संगतीची सुरुवात तिथून. आज दिसतो तो मुख्य गुरुद्वारा मात्र बऱ्याच नंतरचा, महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतला. त्याच सुमाराला निजामाच्या राज्यात पंजाबातून शीख फौज आली, ते शिपाई इकडेच राहिले, संसार थाटले, त्यांच्या वंशजांना दख्खनी शीख म्हणतात. 1956 ला हैदराबाद राज्याच्या कायद्यानं गुरुद्वाऱ्याचं बोर्ड आलं, मग सचखंड एक्सप्रेसमुळे थेट अमृतसरची गाडी झाली आणि 2008 ला गुरुतागद्दीची, म्हणजे ग्रंथ साहिबाला गुरूची गादी मिळाल्याची, त्रिशताब्दी झाली तेव्हा तर शहराचे रस्ते, विमानतळ सगळंच बदललं.

पण मला विचारशील तर ही संगत टिकली ती इमारतीपेक्षा रोजच्या सेवेमुळे. भल्या पहाटे सेवेकरी गोदावरीवर जाऊन गागर भरून आणतात, त्या पाण्यानं आतली सेवा होते, आणि हे रोज, पाऊस असो की थंडी. इथल्या काही रीती पंजाबपेक्षा वेगळ्याही आहेत, गुरू ग्रंथ साहिबासोबत दसम ग्रंथाचाही (गुरू गोविंदसिंगजींच्या नावावरच्या ग्रंथाचा) प्रकाश होतो, म्हणजे तोही उघडून मांडतात, दसऱ्याला आणि होळीला हल्ला, म्हणजे शस्त्रं घेऊन धावत जाणारी मिरवणूक, निघतो, आणि अंगीठा साहिबच्या (गुरुजींवर अंत्यसंस्कार झाले त्या जागेच्या) आतल्या खोलीत गुरुजींची शस्त्रं आहेत, तिथं ठरलेल्या पुजाऱ्याशिवाय कुणी जात नाही. म्हणून याला नुसती पंजाबची शाखा म्हणणं मला पटतच नाही. उलट बघ ना, आपल्या नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांचं नरसी इथून फार लांब नाही, म्हणजे येणंजाणं दोन्हीकडून चालू आहे.

लंगरला बिनधास्त जा, जातधर्म कुणी विचारत नाही. चप्पल जोडाघरात दे, पाय धू, डोकं ओढणीनं झाक आणि पंगतीत बस. पोळी वाढतील तेव्हा दोन्ही हात पुढे करून घ्यायची, लागेल तेवढीच घे, ताटात टाकायचं नाही. जेवण झालं की भांडी घासायला बस, कुणी अडवणार नाही. मैत्रिणीला सोबत ने, आणि दसऱ्याला सुट्टीत गावी जायच्या आधी हल्ला बघून जा.