जुन्या परदेशी लढाऊ विमानांच्या अद्ययावतीकरणावर हजारो कोटी घालवण्यापेक्षा भारत नवी विमाने का घेत नाही?

आपण प्रश्नाच्या तपशिलात मिराज 2000 चे उदाहरण दिले आहे. 51 विमानांच्या अद्ययावतीकरणावर सुमारे 11 हजार कोटी रुपये, म्हणजे एका विमानामागे दोनशे कोटींहून अधिक खर्च ठरला आणि तरीही हाती राहिली ती बहुतांशी 1980 च्या दशकातलीच विमाने, असा आपला आक्षेप आहे. आकडे बरोबर आहेत. मात्र त्या पैशात त्या वेळी दुसरे काय मिळत होते, हे पाहिल्याशिवाय खर्च वायफळ ठरवता येणार नाही.

जुलै 2011 मध्ये हा करार झाला तेव्हा नवे मिराज 2000 जगात कुठेच विकत मिळत नव्हते, कारण दासो या फ्रेंच कंपनीने त्याचे उत्पादन 2007 मध्येच थांबवले होते. त्याच कंपनीचे राफेल उपलब्ध होते. पण सप्टेंबर 2016 च्या करारात 36 राफेलसाठी 7.87 अब्ज युरो, म्हणजे सुमारे 59 हजार कोटी रुपये मोजावे लागले. त्यात शस्त्रे, सुटे भाग, भारतासाठी केलेले खास बदल असे सगळे धरलेले असले, तरी एका विमानामागे हा आकडा सोळाशे कोटींच्या पुढे जातो. मिराजसाठी मायका क्षेपणास्त्रांचा वेगळा करार 2012 मध्ये झाला होता. तो खर्च मिळवला आणि दोन करारांमधल्या वर्षांचा फरक बाजूला ठेवला, तरी त्या सगळ्या पैशात दहा-अकरा राफेल आली असती. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा ते अठरा विमाने असतात. म्हणजे तीन स्क्वाड्रन मोडीत काढून एकही पूर्ण स्क्वाड्रन उभी राहिली नसती, आणि तेही हवाई दलाच्या मंजूर 42 स्क्वाड्रनचा आकडा दरवर्षी खाली घसरत असताना. सप्टेंबर 2025 मध्ये चंडीगडला मिग-21 निवृत्त झाल्यावर हा आकडा 29 वर आला आहे.

तेव्हा ‘जुने की नवे’ हा पर्याय बहुतेक वेळा कागदावरच असतो. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जे विमान अद्ययावत करायचे त्याच्या सांगाड्यात आणि इंजिनात अजून किती दम शिल्लक आहे, आणि त्याच्या संगणकात हात घालण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

लढाऊ विमानाचे वय वर्षांपेक्षा उड्डाण-तासांत मोजतात. वळणावळणाला पंखांच्या मुळाशी जो ताण येतो तो साठत जातो आणि धातू थकतो. ठराविक तासांनंतर तपासण्या करून, काही भाग बदलून ते आयुष्य वाढवता येते. इलेक्ट्रॉनिक्सचे तसे नाही. रडारमधले सुटे घटक पंधरा-वीस वर्षांत बाजारातूनच नाहीसे होतात, क्षेपणास्त्रांची साठवणुकीची मुदत संपते आणि शत्रूची रडारे तोपर्यंत दोन पिढ्या पुढे गेलेली असतात. म्हणून सांगाडा धडधाकट असतानाच विमान लढाईच्या दृष्टीने म्हातारे होते. अद्ययावतीकरण भरून काढते ते हेच अंतर.

मिराजच्या बाबतीत हे अंतर स्पष्ट दिसत होते. पाकिस्तानने अमेरिकेकडून एफ-16 घेण्याचा करार केल्यावर 1982 मध्ये भारताने मिराज घेण्याचे ठरवले आणि 1985 पासून ती ग्वाल्हेरला येऊ लागली. त्यांच्यासोबत आलेले सुपर 530 डी हे क्षेपणास्त्र डागल्यावर लक्ष्याला धडकेपर्यंत वैमानिकाला आपले रडार त्या लक्ष्यावरच रोखून धरावे लागे; तेवढा वेळ शत्रूकडे तोंड करून उडत राहणे म्हणजे स्वतःही लक्ष्य होणे. नव्या मायका क्षेपणास्त्राला स्वतःचे रडार किंवा उष्णताशोधक असतो, त्यामुळे ते सोडून वैमानिक विमान दुसरीकडे वळवू शकतो. पण त्यासाठी नवे रडार लागते, रडारसाठी नवा मिशन कॉम्प्युटर (रडार, शस्त्रे आणि कॉकपिट यांना जोडणारा विमानाचा मुख्य संगणक) लागतो आणि त्या दोघांकडून येणारी माहिती वाचता यावी म्हणून कॉकपिटमधली घड्याळे काढून पडदे बसवावे लागतात. एक गोष्ट बदलली की सगळी साखळी बदलते आणि खर्च इथे वाढतो. एम-53 इंजिन मात्र तेच राहिले, कारण ते बदलण्याची गरजच नव्हती.

याच विमानाची दुसरी एक कथा मला अधिक बोलकी वाटते. कारगिलच्या वेळी, 1999 मध्ये, इस्रायलकडून आणलेले लायटनिंग पॉड (लक्ष्य शोधून त्यावर लेझर रोखणारे उपकरण) आणि लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारे बाँब मिराजवर बसवण्याचे काम भारतीय वैमानिकांनी आणि तंत्रज्ञांनी अत्यंत घाईत पार पाडले आणि 24 जूनला टायगर हिलवरच्या शत्रूच्या ठाण्यावर ते वापरले. फ्रेंच विमानावर इस्रायली उपकरण बसले आणि चालले. या यशानंतर हवाई दलाला आणखी मिराज हवी होती आणि उत्पादन तेव्हा चालूही होते. नव्या मिराज घ्यायच्या असत्या तर ती वेळ होती! पण थेट खरेदीऐवजी 126 विमानांची जागतिक निविदा काढायचे ठरले, ती 2007 मध्ये निघाली, 2012 मध्ये राफेल निवडले गेले आणि 2015 मध्ये ती सगळी प्रक्रियाच गुंडाळली गेली. मिराजच्या अद्ययावतीकरणाला जो राग येतो तो खरे तर या पंधरा वर्षांच्या दिरंगाईवर यायला हवा. पुढे तर सुट्या भागांसाठी फ्रेंच हवाई दलाची निवृत्त मिराज विमाने विकत घेण्याची वेळ आली.

आता जॅग्वार. 1978 साली ब्रिटनशी करार होऊन हे विमान आले आणि नंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते इथे बनवले. त्याची मूळ दिशादर्शन आणि माऱ्याची प्रणाली समाधानकारक नव्हती, म्हणून 1980 च्या दशकात भारतीय अभियंत्यांनी बंगळुरूत तिच्या जागी ‘डॅरिन’ नावाची प्रणाली बसवली. तिची तिसरी आवृत्ती आता वापरात आहे. रडार इस्रायली असो वा आणखी कोणाचे, ते विमानाच्या संगणकाशी जोडायला मूळ उत्पादकाच्या दारात जावे लागत नाही, ही त्या जुन्या निर्णयाची कमाई आहे. फ्रान्सने 2005 मध्ये, ब्रिटनने 2007 मध्ये आणि ओमानने 2014 मध्ये जॅग्वार निवृत्त केले. भारतात ते अजून उडते, याचे मोठे श्रेय डॅरिनला जाते.

तरीही जॅग्वारकडे मी अद्ययावतीकरणाची मर्यादा दाखवणारे उदाहरण म्हणून पाहतो. त्याचे अडूर इंजिन पहिल्यापासून अशक्त, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा विरळ झाली की त्याचा जोर आणखी कमी होतो. दर आवृत्तीत उपकरणांची भर पडत गेली, इंजिन मात्र तेच राहिले. ते बदलून अमेरिकी इंजिन बसवण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत होती. किंमत वाढत गेली आणि 2019 च्या सुमारास ती सोडून द्यावी लागली. इतक्या जुन्या सांगाड्यावर नव्या इंजिनाचा तेवढा खर्च परवडणारा नव्हता, हा निर्णय मला बरोबर वाटतो. पण मग इंजिनाचा निकाल लागण्याआधी बाकीचे काम एवढे पुढे न्यायला नको होते, असेही म्हणावे लागते.

मिग-21 बायसनबद्दल थोडक्यात सांगतो. 1996 मध्ये 125 मिग-21 अद्ययावत करून त्यांना बायसन बनवण्याचा निर्णय झाला, बहुतेक काम नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात झाले आणि 2004 मध्ये ग्वाल्हेरला अमेरिकी एफ-15 विमानांबरोबर झालेल्या सरावात बायसनने चांगलीच छाप पाडली. पण ही स्वदेशी तेजस विमाने येईपर्यंतची तात्पुरती सोय होती. तेजसची पहिली स्क्वाड्रन 2016 मध्ये, तीही दोन विमानांवर, उभी राहिली आणि तात्पुरती सोय 2025 पर्यंत ताणली गेली. तिथे दोष अद्ययावतीकरणाचा नव्हता.

ओझरचा उल्लेख आलाच आहे तर सुखोई-30 एमकेआयकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर त्या विमानात आहे. मी नाशिकचा असल्याने या विषयात थोडा पक्षपाती असेन, हे वाचताना लक्षात घ्यावे. 1996 च्या करारानंतर पहिली सुखोई 1997 मध्ये पुण्याला लोहगावच्या तळावर आली, पण खरी एमकेआय, म्हणजे भारतासाठी खास बनवलेली, आवृत्ती 2002 ची. सांगाडा आणि इंजिन रशियन, काही उपकरणे फ्रेंच आणि इस्रायली, आणि मिशन कॉम्प्युटर भारतीय, अशी तिची रचना खरेदीच्या वेळीच आग्रहाने मागून घेतली होती. डिसेंबर 2000 च्या करारानुसार ती ओझरला बनू लागली. पुढे अडीच टन वजनाचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र तिच्या पोटाखाली बसवायचे ठरले तेव्हा विमानाच्या सांगाड्यातले बदल ओझरलाच झाले, जून 2016 मध्ये ब्रह्मोससह पहिले उड्डाणही तिथूनच झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सुखोईवरून ते प्रत्यक्ष डागले गेले. त्याच परिसरातील हवाई दलाच्या 11 क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोत सुखोईचे पूर्ण ओव्हरहॉल होते आणि मिग-29 च्या अद्ययावतीकरणाचे बहुतेक कामही त्याच डेपोकडे होते.

सुखोईची दुसरी बाजूही आहे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते त्या काळात उड्डाणासाठी तयार असलेल्या सुखोईंचे प्रमाण साठ टक्क्यांच्या खाली होते, कारण सुटे भाग रशियाकडून वेळेवर येत नव्हते. शंभर विमाने विकत घ्यायची आणि चाळीसहून अधिक हँगरमध्ये उभी ठेवायची, हा कोणत्याही अद्ययावतीकरणापेक्षा महाग व्यवहार आहे. राफेलच्या करारावर पर्रीकरांनीच सही केली आणि त्यात किमान 75 टक्के विमाने उड्डाणासाठी तयार ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकलेली आहे. राफेलच्या किमतीवर वाद खूप झाले. या कलमाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

आता 84 सुखोईंच्या अद्ययावतीकरणाचा प्रस्ताव आहे आणि त्याचा अंदाजे खर्च 60 हजार कोटींच्या पुढे सांगितला जातो, म्हणजे एका विमानामागे सातशे कोटींहून अधिक. आपला आक्षेप तिथेही उपस्थित होणारच. मी तिथे खर्चाच्या बाजूने मत देईन. रडार आणि मिशन कॉम्प्युटर भारतीय असणार आहेत, सांगाड्यांचे आयुष्य शिल्लक आहे आणि जॅग्वारच्या बाबतीत उलटा लागलेला क्रम इथे सरळ लागला आहे: सप्टेंबर 2024 मध्ये 26 हजार कोटींच्या करारानुसार सुखोईची 240 नवी एएल-31 एफपी इंजिने ओडिशातील कोरापुटच्या कारखान्यात बनवण्याचे काम आधीच दिले गेले आहे. माझी शंका वेळेबद्दल आहे. मिराजचे काम जेवढे रेंगाळले तेवढेच हेही रेंगाळले, तर शेवटचे सुखोई तयार होईपर्यंत पहिल्यात बसवलेले इलेक्ट्रॉनिक्स बदलायची वेळ आलेली असेल.