पॅनडॉक बसले, पीडीएफ मात्र निघेना

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वार्षिक स्मरणिकांमधील जुने लेख एकत्र करून त्यांचे पुस्तक काढायचे आहे. त्यात दासोपंतांच्या पासोडीवरील टिपणे आहेत, तशाच हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणीही आहेत. त्यासाठी मी पॅनडॉक हे एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर विंडोजवर बसवले. पण त्याच्या फाइलवर दोनदा क्लिक केले की नुसती काळी खिडकी उघडते आणि कर्सर लुकलुकत राहतो. दोनदा काढून पुन्हा बसवूनही तेच झाले. भाच्याने कमांड प्रॉम्प्टमधून एक-दोन लेख वेब पानांत बदलून दाखवले, परंतु पीडीएफ मागितली की पीडीएफलेटेक सापडत नसल्याचा संदेश येतो. काही जुने लेख तर वाचलेच जात नाहीत. बसवण्यात माझी काय चूक झाली असावी?
– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : बसवण्यात आपली काहीही चूक झालेली नाही, आणि म्हणूनच पुन्हा पुन्हा बसवून उपयोग होत नाही. बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या या सॉफ्टवेअरला बटणांची खिडकी नाही. ते केवळ कमांडवर चालते. काळ्या खिडकीत ते आपण काही मजकूर टंकण्याची वाट पाहत थांबलेले असते, आपल्याला मात्र ते अडकल्यासारखे वाटते. ती खिडकी बंद करावी, स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि तेथे पॅनडॉक हे नाव, एक मोकळी जागा, दोन आडव्या रेघा व त्यांना जोडून व्हर्जन हा शब्द, असे सारे रोमन लिपीत टंकावे. आवृत्तीचा क्रमांक दिसला की सॉफ्टवेअर नीट बसले आहे असे समजावे. अशी आज्ञा ओळखता येत नाही असे उत्तर आले, तर बहुधा प्रॉम्प्ट आधीपासून उघडा असतो आणि त्याला नवा पाथ, म्हणजे सॉफ्टवेअर कोठे आहे तो पत्ता, ठाऊक नसतो. तो बंद करून नव्याने उघडला की काम होते. बसवताना दुसऱ्या कोणाचे विंडोज खाते वापरले असेल, तरी आपल्या खात्यात हाच संदेश दिसू शकतो.

आता पीडीएफविषयी. पॅनडॉक स्वतः पीडीएफ रचत नाही. ते काम दुसऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवते, आणि आपण वेगळे काही सांगितले नसेल तर पीडीएफलेटेकला शोधते. पीडीएफलेटेक हा लेटेक या पाने रचणाऱ्या सॉफ्टवेअरचा भाग आहे. आपल्या संगणकावर लेटेकच नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ आहे. तरीही घाईने पीडीएफलेटेक बसवू नये, कारण पहिल्याच देवनागरी अक्षराला ते अडेल. मराठीसाठी लेटेकमधीलच झीलेटेक वापरावे (टंकताना त्याच्या आरंभी एक्स आणि ई ही रोमन अक्षरे येतात). मिकटेक हा लेटेकचा संच बसवल्यास दोन्ही मिळतात. मात्र लागणारी पॅकेजे ते आयत्या वेळी इंटरनेटवरून उतरवते, त्यामुळे मोबाइलच्या डेटावर पहिली पीडीएफ अर्ध्यात थांबली तर तो दोष पॅनडॉकवर ढकलू नये.

झीलेटेक निवडूनही काहींना कोरी पाने मिळतात, कारण त्याच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नसतात. म्हणून पॅनडॉकला आज्ञा देताना मेनफॉन्ट या चलात (म्हणजे फॉन्टचे नाव सांगणाऱ्या नोंदीत) नोटो सेरिफ देवनागरीसारखा संगणकावर असलेला युनिकोड फॉन्ट द्यावा आणि मेनफॉन्टऑप्शन्समध्ये स्क्रिप्ट बरोबर देवनागरी असे नोंदवावे. ही दुसरी नोंद राहिली, तर अक्षरे उमटतात पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. एवढी खटपट नको असेल, तर माझ्या मते आपल्यासाठी सोपा मार्ग निराळा आहे : पॅनडॉककडून डॉक्स फाइल करून घ्यावी, ती लिबरऑफिसमध्ये उघडावी आणि तेथूनच पीडीएफ काढावी. स्मरणिकेच्या पुस्तकाला तेवढे पुरते.

वाचले न जाणारे जुने लेख ही खरी अवघड बाब आहे. डॉक्स नव्हे, तर त्याआधीच्या डॉक प्रकारच्या फाइली असतील, तर पॅनडॉकच्या अनेक आवृत्त्या त्या वाचत नाहीत. लिबरऑफिसमध्ये उघडून त्या डॉक्समध्ये जतन कराव्यात. मात्र त्यापूर्वी त्यातील एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. मराठीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची भेळ दिसली, तर तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. अशा फाइलीत देवनागरी अक्षरे नसतातच. असतात ती रोमन अक्षरांचे संकेतांक, ज्यांना फॉन्ट केवळ मराठीचे रूप देतो. पॅनडॉकने ही भेळ जशीच्या तशी पुढे केली, तर त्याला दोष देता येणार नाही. त्या विशिष्ट फॉन्टसाठीच्या परिवर्तकाने मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा, आणि विशेषतः रफार, जोडाक्षरे व आकडे जुन्या छापील अंकाशी ताडून पाहावेत. हे काम सावकाश होते आणि डोळ्यांनीच करावे लागते. पण आपल्यासारखा प्रुफे तपासण्याची सवय असलेला शिक्षकच ते नीट करील.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ॲप्टने (तिच्या सॉफ्टवेअर बसवण्याच्या आज्ञेने) पॅनडॉक बसवले. चित्रे आतच असलेले एकसंध वेब पान तयार करण्यासाठी एम्बेड-रिसोर्सेस हा पर्याय दिला, तर तो अनोळखी असल्याचे उत्तर येते.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : ॲप्टच्या भांडारातील आवृत्ती बहुधा मागे असते. आपण म्हणता तो पर्याय २.१९ या आवृत्तीत आला. त्याआधी हेच काम सेल्फ-कन्टेन्ड या पर्यायाने होत असे. आपली आवृत्ती त्याहून जुनी असेल, तर जुना पर्याय द्यावा किंवा प्रकल्पाच्या अधिकृत पानावरील डेब फाइल (उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवण्याची फाइल) उतरवून बसवावी. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागतो, तेव्हा प्रयोगशाळेच्या सहायकांना आधी विचारावे. पुढे पीडीएफही हवी असल्यास टेकलाइव्ह-झीटेक हे झीलेटेक देणारे पॅकेज त्याच वेळी मागून घ्यावे.