नवा लेखक आलाय? मग तिथूनच सुरू कर

'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या बॅटमॅनच्या कॉमिक मालिकेचं लेखन २०२२ ते २०२४ राम व्हीनं केल्याचं कळून तू उडालास, ते अगदी रास्त आहे. आपल्या मुंबईचा माणूस बॅटमॅन लिहिणार म्हटल्यावर तेव्हा मीही उडालोच होतो! आता तुझा प्रश्न: आधीचे हजारावर अंक वाचायचे का?

अजिबात नाही. बॅटमॅन १९३९ साली २७व्या अंकात आला. तिथून सुरुवात करणारे बहुतेक जण दमून सोडून देतात. नवा लेखक येतो तेव्हा नवं कथानक सुरू होतं, आत शिरायचं दार तेच. रामचं दार म्हणजे २०२२चा १०६२वा अंक. ऑर्घम नावाचं घराणं बॅटमॅनच्या गॉथम शहरात येतं आणि कथा ऑपेरासारखी अंकाअंकांत उलगडत जाते. चाल संथ आहे, त्यामुळे एका अंकावर निकाल देऊ नकोस. निदान पहिला संग्रह, म्हणजे काही अंक एकत्र केलेलं पुस्तक, संपव.

बाकी एवढं सांभाळ:
- सुटे अंक शोधत बसू नकोस, संग्रह घे. 'गॉथम नॉक्टर्न' हे नाव आणि 'ओव्हरचर' हा पहिला भाग, एवढं बघ.
- वेगळं मुखपृष्ठ म्हणजे वेगळी गोष्ट नव्हे. एकच अंक दोनदा विकत घेणारे मी पाहिलेत.
- चित्रकाराचं नाव वाच. सुरुवातीचे अंक राफाएल अल्बुकर्कीचे आहेत, आणि त्या काळोखाचं निम्मं श्रेय त्याचं.

मागचा संदर्भ अडला तर पुढे वाचत राहा. गरजेचं असेल ते लेखक स्वतःच सांगतो. इतर मालिकांशी असलेले धागेदोरे सध्या राहू देत. पहिला संग्रह वाचून झाला की कळव, पुढचं तेव्हा बोलू.